बाड्याजवळचे घडीवाले काका: चावीचं घड्याळ असेल तर आधी इथे दाखवा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात घड्याळ उघडून खरंच दुरुस्त करणारे आता बोटावर मोजण्याइतके राहिलेत, बाकीचे सेल आणि पट्टा बदलून देतात, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. महाराज बाड्यावरून (लश्करचा मुख्य चौक, आम्ही नुसतं बाडा म्हणतो) पाटणकर बाजाराकडे निघालं की एक अरुंद गल्ली आत जाते, तिथे भांड्यांच्या दुकानाला लागून हे दुकान आहे. एक काचेचं काउंटर, त्यामागे काकांची खुर्ची आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, दुसरं गिऱ्हाईक आलं की ते गल्लीतच उभं राहतं. नाव लिहीत नाही कारण काकांनीच नको म्हटलं, "लिहायचं तर कामाबद्दल लिही बेटा, नावाचं काय करायचंय." गल्लीत शिरून कोणालाही घडीवाले काका विचारा, चहावाला पण हात करून दाखवेल.

काकांचं वय ८४. चौदाव्या वर्षापासून हेच काम करतायत, म्हणजे हिशोब करा. हात अजिबात थरथरत नाही, मी मुद्दाम बघत बसले होते.

काय काय होतं ते आधी सांगते. चावीची आणि ऑटोमॅटिक मनगटी घड्याळं, खिशातली जुनी घड्याळं, लंबकाची भिंतीवरची घड्याळं, अलार्मची टाइमपीस, हे सगळं घेतात. क्वार्ट्झ पण घेतात, कॉइल आणि सर्किट मीटर लावून तपासतात आणि मगच काय गेलंय ते सांगतात. स्मार्टवॉच घेत नाहीत, स्पष्ट सांगतात की मला येत नाही. सेल बदलायला शंभर-सव्वाशे, चावीच्या घड्याळाचं पूर्ण सर्विसिंग सहाशेच्या आसपास, पार्ट लागला तर वेगळे, आणि पार्ट लागला तर जुना पार्ट पुडीत बांधून तुमच्या हातात देतात.

माझं काम होतं बाबांच्या एचएमटी जनताचं. बाबा बिर्लानगरला जेसी मिलमध्ये होते, पर्मनंट झाल्यावर घेतलेलं पहिलं घड्याळ, ७८ सालचं. बाबा गेल्यावर मी ते वापरायला लागले, रोज सकाळी चावी द्यायची आणि ऑफिसला जायचं, छान चाललं होतं आणि मग अचानक ते पळायलाच लागलं, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं पुढे. एका मॉलमधल्या दुकानात दाखवलं तर त्यांनी झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की मशीन गेलंय, आत क्वार्ट्झ मशीन टाकून देतो, सेलवर चालेल, रोज चावी द्यायची कटकट नको, पंधराशे लागतील. मी घड्याळ उचललं आणि परत आले. आई म्हणाली अगं बाबा ज्यांच्याकडे जायचे ते बहुतेक अजून बसतात, विचारून तर बघ.

काकांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, आणि मग ड्रॉवरमधून एक छोटं होकायंत्र काढलं. घड्याळ जवळ नेलं तशी सुई हलली, मागेपुढे केलं तशी डोलायलाच लागली. मग मला विचारलं की पर्सला चुंबकाचं बटण आहे का. होतं, आणि मोबाइलचं कव्हरही तसलंच, घड्याळ रात्री काढलं की त्याच्याच शेजारी ठेवत होते. काकांनी समजावून सांगितलं ते मला इतकं आवडलं की जसंच्या तसं लिहिते. घड्याळात केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते, इकडे तिला बालकमानी म्हणतात, तिच्यामुळे बॅलन्सचं चक्र एकदा इकडे एकदा तिकडे फिरत राहतं, जनतामध्ये तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. चुंबक चढलं की बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग स्प्रिंग आहे त्याहून आखूड असल्यासारखी वागते आणि चक्र घाई करायला लागतं. मशीन गेलेलं नसतंच. एका कॉइलच्या यंत्रात घड्याळ धरून बटण दाबलं आणि हळूहळू बाहेर ओढलं, झालं, होकायंत्राची सुई जागची हलेना. ह्याचे पैसे घेतले नाहीत.

तरी म्हणाले ठेवून जा, आवाज कोरडा येतोय, तेल सुकलंय. आणि माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडून बारीक बारीक आकडे लिहिलेले होते. भिंगातून बघायला दिलं तेव्हा कळलं, ८२, ८७, ९१, प्रत्येकाच्या पुढे एक छोटी खूण. काकांचीच. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत साल आणि आपली खूण टाकायची ही घडीसाजांची जुनी पद्धत, म्हणजे पुढच्या वेळी कोणी उघडेल त्याला कळतं की शेवटचं तेल कधी घातलंय. ९१ नंतर एकदम ९९. तेवढं एक अंतर लांबलेलं. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली आणि आमच्या घरात काय काय थांबलं ते मला आठवतं, त्यात घड्याळाचं सर्विसिंगही थांबलं असणार हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता इथलं रजिस्टर. काका प्रत्येक घड्याळाची नोंद ठेवतात, लांब वह्या, जुन्या वह्या घरी आणि अलीकडच्या वीस-पंचवीस दुकानात वरच्या फळीवर. नाव, घड्याळ, काय बिघडलं, काय केलं, किती घेतले. मी विचारलं की ९९ची वही आहे का, तर नातीने स्टूलवर चढून काढून दिली. बाबांचं नाव होतं, पुढे "तेल, मुख्य कमानी नवी" (चावी देतो ती स्प्रिंग), आणि पैशाच्या रकान्यात "नंतर". त्याच पानावर अजून पाच-सहा ठिकाणी "नंतर". मी काकांना म्हटलं हे राहिलेले पैसे मी देते ना, तर त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि बंद केली, "मिलवाल्यांचं तेव्हा पुष्कळांचं असंच लिहिलंय, तुझे बाबा नंतर देऊन गेले असतील, मीच खोडायला विसरलो असेन." आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावून कामाला लागले. बाबांनी दिले होते की नाही ते आता कोणालाच माहीत नाही. पण ह्या माणसाकडे मी घड्याळ का देते ते मला त्या दिवशी पक्कं झालं.

आणि हे ज्या वर्षांत "नंतर" लिहीत होते ती वर्षं त्यांची स्वतःचीही बरी नव्हती, हे मला काकूंकडून कळलं. एकदा घड्याळ घ्यायला गेले तर दुकान बंद, घरी जा म्हणाले शेजारचे, घरी काकूंनी चहा पाजला आणि मग पुष्कळ बोलल्या. काका टोपी बाजारात एका उस्तादांकडे शिकले. पहिलं वर्षभर हातात चिमटा दिलाच नाही, पार्ट पेट्रोलमध्ये धुवायचे, वाळवायचे, कागदावर क्रमाने मांडायचे एवढंच. मग अलार्मची टाइमपीस, कारण तिचे पार्ट मोठे असतात, चुकलं तर दिसतं. मनगटी घड्याळ हातात यायला तीन वर्षं गेली. तेव्हा येणारी सगळी स्विस, फाव्र ल्यूबा, वेस्ट एंड, आणि ज्यांच्याकडे असायची ते सरदार, वकील, डॉक्टर असे लोक.

मग एचएमटी आली. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने आपल्याकडे घड्याळं बनायला लागली, आणि काका सांगतात की दहा वर्षांत त्यांचं गिऱ्हाईकच बदलून गेलं. मिलमधले कामगार, मास्तर, पोस्टमन, श्योपुरच्या छोट्या गाडीचे गार्ड (दोन फुटी रुळांवरची ती गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास जायची, २०२० मध्ये बंद झाली), सगळ्यांच्या मनगटावर एचएमटी. मिळायची पण मुश्किलीने, नंबर लावून लोक थांबायचे, आणि लग्नात जावयाला एचएमटी दिली की मान वाटायचा. गार्ड लोक ड्युटीवर जायच्या आधी दुकानात येऊन वेळ जुळवून घ्यायचे कारण भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काका रोज रेडिओच्या बातम्यांआधी ते पीप पीप वाजायचं त्यावर लावायचे. ते घड्याळ अजून आहे, अजून बरोबर आहे. आता मोबाइलवर बघून लावतात.

ह्याच काळात लग्न, घर, दोन मुली आणि एक मुलगा. काकू सांगत होत्या की दुकान रात्री नऊपर्यंत असायचं, मुलं झोपल्यावर हे घरी यायचे, तर मग मुलं वडिलांना बघणार कधी, म्हणून काकांनी दुपारी दीड ते चार दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. मुलं शाळेतून आली की सगळे एकत्र जेवायचे आणि मग हे त्यांचा अभ्यास घ्यायचे, पाढे, गणित, शुद्धलेखन. बाजारात सगळे म्हणायचे की दुपारी बंद करून धंदा घालवतोस, पण त्यांनी ऐकलं नाही. मुलं मोठी होऊन बाहेर गेली, दुपारची सुट्टी तशीच आहे, आता काकू आणि ते दोघं जेवतात. म्हणून दीडला जाऊन शटरपाशी उभं राहू नका आणि इथे येऊन एक स्टार देऊ नका, मी खाली दोन रिव्ह्यू तसले वाचले आणि मला खरंच वाईट वाटलं.

थंडीत मेळा लागला की एक संध्याकाळ दुकान लवकर बंद करून सगळ्यांना मेळ्यात न्यायचे. आणि डिसेंबरमध्ये तानसेन समारोह, काकूंना गाण्याची फार आवड, तिथे दोघं शेवटपर्यंत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं. काकू हे सांगताना इतक्या खुलल्या होत्या की मला उठवेना.

टायटनची क्वार्ट्झ घड्याळं १९८७ च्या सुमाराला बाजारात आली आणि घडीसाजांचे दिवस फिरले. क्वार्ट्झला चावी नको, तेल फारसं नको, वर्ष-दोन वर्षांनी सेल टाकला की झालं, आणि वेळ कुठल्याही चावीच्या घड्याळापेक्षा बरोबर. गल्लीतले बाकीचे दोघं घडीसाज धंदा सोडून गेले, एकाने चष्म्याचं दुकान टाकलं. त्यावर मिल बंद, म्हणजे उरलेलं गिऱ्हाईकही गेलं. मोठ्या मुलीचं कॉलेज चालू होतं, धाकट्या दोघांची शाळा. काकूंनी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायला घेतले आणि काका चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा शाळकरी पोरासारखे शिकायला बसले, दिल्लीहून मीटर आणला, खराब क्वार्ट्झ घड्याळं रद्दीच्या भावात घेऊन रात्री घरी उघडून बघायचे. आज क्वार्ट्झ आत कसं चालतं हे ते सोपं करून सांगतात, आतला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट त्याचे निम्मे करतं, परत निम्मे, परत निम्मे, असं पंधरा वेळा केलं की बरोबर एक उरतो, तो सेकंदकाट्याचा ठोका. मी घरी येऊन कॅलक्युलेटरवर करून बघितलं, बरोबर एक येतो. माझ्या मुलाला हे शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त आवडलं.

दुकान बंद करायचा विचार आला होता का असं मी काकूंना विचारलं. म्हणाल्या आला होता, बरेचदा, पण दर वेळी ह्यांच्या ड्रॉवरमध्ये कोणाचं तरी घड्याळ अर्धं उघडलेलं असायचं, ते दिल्याशिवाय बंद कसं करणार, आणि ते देईपर्यंत दुसरं यायचं. मुलाला मात्र त्यांनी स्वतःहून ह्या धंद्यात ओढलं नाही. तो पुण्याला इंजिनिअर आहे, धाकटी नर्स आहे आणि मोठी इथेच शाळेत गणित शिकवते.

आता दुकानात नात बसते, मोठीची मुलगी, फिजिक्समध्ये बीएस्सी झालीय. दुपारी चारनंतर गेलात तर ती असते. क्यूआर कोड तिनेच लावला, आधी फक्त रोख चालायचं. घड्याळाची बीट मोजायचं छोटं मशीनही तिनेच मागवलं, घड्याळ त्यावर ठेवलं की दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातंय ते स्क्रीनवर दिसतं. मी बघितलं ते असं, काका घड्याळ कानाला लावून सांगतात "अर्धा मिनिट मागे असेल" आणि मग ती मशीनवर लावून बघते. दोघांचं जमतं बरोबर बहुतेक वेळा, आणि नाही जमलं तर काका मशीनचं ऐकतात, कुरकुर न करता. तिला मी विचारलं की तू हे पुढे चालवणार का, तर म्हणाली आजोबांनी अजून मला बालकमानी सरळ करू दिलेली नाही, ती देतील तेव्हा बोलू.

सर्विसिंग म्हणजे नेमकं काय करतात ते पण लिहिते कारण लोक विचारतात सहाशे कशाचे. सगळं मशीन सुटं करतात, एकेक पार्ट धुतात, रुबीच्या खड्यांची भोकं काडीच्या टोकाने साफ करतात (जनतात १७ खडे असतात), मग परत जोडताना जिथे लागेल तिथे सुईच्या टोकाने तेलाचा थेंब. थेंब म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही इतका. काकांचं म्हणणं, तेल जास्त घालणारा कमी घालणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, जास्तीचं तेल पसरतं, आपल्याकडे मे-जूनमध्ये जी धूळ उडते ती त्याला चिकटते आणि तीच मग आत सगळं घासते. बालकमानीला तेल तर चुकूनही लागता कामा नये. मग जोडून झालं की घड्याळ एक दिवस डायल वर करून ठेवतात, एक दिवस डायल खाली, एक दिवस चावी वर, एक दिवस चावी खाली, कारण मनगटावर घड्याळ काही एकाच बाजूने राहत नाही. प्रत्येक दिवसाची वेळ चिठ्ठीवर लिहितात. ह्यात आठ-दहा दिवस सहज जातात. लवकर द्या म्हणून मागे लागलात तर देतात, पण ती चिठ्ठी अर्धीच भरलेली असते. मी थांबले, आणि माझं जनता आता दिवसाला फार तर वीस सेकंद पुढे असतं. चावीच्या जुन्या घड्याळाला ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

एक गोष्ट जुनी एचएमटी ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी. एचएमटीचं घड्याळाचं काम बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये सरकारने घेतला आणि तेव्हापासून ह्या घड्याळांची हौस एकदम वाढली, तर बाजारात जुन्या मशीनवर नवीन डायल रंगवून विकलेली ढिगाने आलीयत. माझ्यासमोर एक मुलगा असलं घेऊन आला, चकचकीत केशरी डायल, वर पायलट लिहिलेलं, म्हणजे एचएमटीचंच एक मॉडेल. काकांनी भिंगातून त्याला दाखवलं, अक्षरं जाड आणि कडेला फुटलेली, काटे दुसऱ्याच मॉडेलचे, मिनिटांच्या रेषा आणि आकडे एका ओळीत नाहीत, आणि आत दोन-तीन घड्याळांचे पार्ट जोडलेले. मुलाचा चेहरा पडला. काका त्याला म्हणाले मशीन खरं आहे, मी तेल घालून देतो, चालेल बरीच वर्षं, फक्त कोणाला अस्सल म्हणून विकू नकोस. आणि पुढच्या वेळी घ्यायच्या आधी विकणाऱ्याकडून झाकणाच्या आतला फोटो माग आणि मला दाखव, त्याचे पैसे नाही घेत मी. हा सल्ला फुकट आहे, लोकांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

नाही म्हणायलाही ते कचरत नाहीत. आमच्या शेजारच्या आजींचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेले होते, वाळवी लागून लाकडाची केस आतून पोकळ झालेली, मशीन गंजलेलं. काकांनी सांगितलं की ह्याच्यावर दोन-तीन हजार घालून हे महिनाभरसुद्धा चालणार नाही, आजींना सांग पैसे वाया घालवू नका, लंबक आणि डायल काढून ठेवा आठवण म्हणून. दुसऱ्या कोणी घेतलं असतं, नक्की.

अडचणी पण आहेत त्या सांगते. दुकानाचा फोन नाही, झालं का ते विचारायला जावंच लागतं. जुन्या स्विस घड्याळांचे पार्ट मिळत नाहीत, मग काका स्वतःच्या डब्यांतून शोधतात (त्या डब्यांवरची अक्षरं काकूंची आहेत), तिथे नसेल तर दिल्लीला सांगतात आणि मग दोन-दोन महिने जातात. एचएमटीला ही अडचण कमी, बऱ्याच चावीच्या मॉडेल्समध्ये आत मशीन एकच असल्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्यात बसतो. पाण्यात चालणारं महागडं घड्याळ असेल तर सील तपासायचं मशीन त्यांच्याकडे नाही, ते स्वतःच सांगतील की कंपनीत न्या. आणि बोलणं जरा कडक आहे. घड्याळ पडलं हे तुम्ही लपवलंत आणि त्यांनी आत बघून ओळखलं तर ऐकून घ्यावं लागेल, पडलं असेल तर आधीच सांगा, बॅलन्सची दांडी तपासायची की नाही ते त्यावर ठरतं.

घरात बंद पडलेली क्वार्ट्झ घड्याळं असतील तर आजच सेल काढून ठेवा, मेलेला सेल आत राहिला की कधी ना कधी गळतो आणि सर्किट खातो, काका दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगतात.

वेळ सकाळी साडेदहा ते दीड, मग चार ते आठ, आधी नऊपर्यंत असायचं, आता नात आठला उठवते. मंगळवारी बाड्याचा बाजार बंद तसं हेही बंद. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराईत नेऊ नका, काम साचलेलं असतं. गाडी बाड्याच्या बाहेर लावून चालत या, गल्लीत स्कूटरसुद्धा वळत नाही. आणि घड्याळाची निघालेली चावी, तुटलेला पट्टा, काचेचा तुकडा, जे काही सुटून आलं असेल ते सगळं कागदात बांधून सोबत न्या, जुनं बसत असेल तर काका नवीन लावत नाहीत.